खाडाखोड

कोपरखैरण्याला, शाळेच्या वळणावर
माझं दुकान, आठ बाय दहाचं.
वह्या, कंपासपेट्या, झेरॉक्स दोन रुपये.

शेडग्यांचा सुयोग नववीत होता तेव्हा
पहिली बाटली घेऊन गेला.
"मावशी, व्हाइटनर दे. प्रोजेक्टवर खाडाखोड झालीय."
मी म्हटलं, बघून लिहावं रे.
हसला. वरच्या ओठावर
नुकती लव फुटत होती.

मग आठवड्याला एक.
मग मंगळवारी एक, शुक्रवारी दोन.
मी वहीत मांडत गेले.
बाप तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी,
दिवसभर पाठीवर कांद्याची गोणी,
पगार झाला की आधी उधारी चुकवणारा माणूस.
मला काय, पैसे बुडणार नव्हते.

इतक्या चुका कुठे करतं हे पोर,
असा प्रश्न मला पडला होता.
पडला, आणि मी तो पडू दिला.
गिऱ्हाईक उभं होतं.

नंतर त्याच्या नाकाखाली चट्टे आले,
लाल, कडेला सोललेले.
भर मे महिन्यात सर्दी सांगायचा.
सुट्टे मोजताना पाचाचं नाणं
तीनदा बोटांतून निसटलं
आणि तो नाण्याकडे असा बघत राहिला
जसं ते दुसऱ्याच कुणाच्या हातून पडलंय.

कबड्डीच्या संघातून काढलं त्याला.
चढाईला गेला की
मधली रेषा ओलांडायच्या आत दम सुटायचा.
हे मला पोरांनीच सांगितलं, पेनं निवडता निवडता.
सगळ्यांना ठाऊक होतं:
धारण तलावाच्या भिंतीमागे, खारफुटीच्या अंगाला,
पाच-सहा जण आणि एक फडकं.
पुढे मोठी मुलं आणखी काय काय आणू लागली.
सगळ्यांना, म्हणजे मलाही.

चाळीतल्या बायांनी
आपापली पोरं आत ओढून घेतली.
त्याची बहीण किमया, पाचवीतली,
एकदा येऊन हळूच म्हणाली,
"छोटं कुलूप आहे का? दप्तराला लावायचंय."
मी दिलं. पंचवीस रुपये.
ते मात्र उधारीवर नको म्हणाली.

एका सकाळी बाप आला.
डोक्यावरचा रुमाल हातात, डोळे जागरणाचे.
मला वाटलं, आता माझी गचांडी धरणार.
म्हणाला, "ताई, वही काढा.
वाशीच्या दवाखान्यात आहे तो.
डॉक्टर विचारतात, कधीपासून.
आम्हा दोघांनाही तारीख सांगता येईना.
तुमच्याकडे असेल."

माझ्याकडे होती.
चौदा जुलै. बावीस जुलै.
ऑगस्टात पाच. गणपतीत दोन.
मी वाचत होते, तो मालाच्या पावतीमागे
एकेक तारीख लिहून घेत होता,
जाड बोटांनी, सावकाश,
काहीही न खोडता.
दिवाळीपाशी माझा आवाज बसला.
त्याने वाट पाहिली. मग म्हणाला, "पुढचं."

शेवटी त्याने खिशात हात घातला.
मी म्हटलं, राहू द्या.
"उधारी आहे ती," म्हणाला
आणि नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या.
त्या मी तीन दिवस गल्ल्यात टाकल्या नाहीत.
चौथ्या दिवशी टाकल्या. खोटं कशाला बोलू.

व्हाइटनर ठेवणं बंद केलं.
पोरं आता पुढच्या चौकात जातात.

परवा सुयोग आला, सहा महिन्यांनी.
वजन उतरलेलं, कान जरा जड झालेला,
त्याला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं.
पेन मागितलं. दिलं.
काउंटरवरच्या रद्दी कागदावर, जिथे सगळेच
आपलं नाव गिरवून पेन तपासतात,
त्याने सु काढला.
त्यापुढे एक वाकडीतिकडी रेघ
कागदाच्या कडेपर्यंत गेली.

"चालत नाही हे," म्हणाला.

पेन चालत होतं.
मी दुसरं दिलं.